उजव्या गालावरची लव

एक

गोटीच्या गालावर केस उगवले होते.

सकाळी खिडकीजवळ तिचे कपडे बदलत होते. तिने मान वळवली आणि उन्हात ते दिसले. आधी वाटलं, माझेच गळालेले चिकटलेत. त्या दिवसांत माझे केस घरभर असायचे. उशीवर, मोरीच्या जाळीत, एकदा तर सासूबाईंच्या चष्म्यात. मी बोटाने झटकले. ओल्या फडक्याने पुसले. ते जागचे हलले नाहीत. कानशिलापासून हनुवटीपर्यंत काळसर, मऊ लव, विंचरून बसवल्यासारखी. मग हात बघितला. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, तशीच. डावा गाल गुळगुळीत. डावा हात स्वच्छ.

माझी मुलगी सात महिन्यांची. डोक्यावर नावाला केस नाही म्हणून सगळे तिला गोटी म्हणतात. डोकं सोडून तिला गालावर केस आले होते.

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. रोज सकाळी मी तिचा एक फोटो काढते. फोनमध्ये एकेक दिवस मागे गेले. साडेपाच महिन्यांपर्यंत दोन्ही गाल सारखे. नंतर उजवीकडे सावली, आणि ती दर आठवड्याला थोडी गडद.

बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"नाडी जरा जलद आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, पण मला ते आवडलेलं नाही. रक्त तपासू, पोटाची सोनोग्राफी करू. एखादी ग्रंथी जास्त काम करत असली तर असं होतं. आणि घरी जाऊन शोधा, हिच्या अंगाला कोण काय लावतंय. सोमवारी रिपोर्ट येतील. तोवर कारण कळलं नाही तर दाखल करून पुढच्या तपासण्या कराव्या लागतील."

तो गुरुवार होता.

घरी आले तर गोटीला सांभाळणाऱ्या मावशी झबली वाळत घालत होत्या. त्यांची पिशवी दाराशी उघडी होती. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावू नये हे मलाही कळतं. मी डोकावले. आत हिरवट तेलाची बाटली होती आणि तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं होतं.

दोन

"माझी आहे," मावशी म्हणाल्या.

"मग लेबल का काढलं?"

त्यांनी सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ते मला नाही सांगता यायचं, ताई. पण बाळाला मी बोटभर लावलेलं नाही."

मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा गोटी पाच महिन्यांची होत होती. पंधरा-वीस दिवसांत सावली सुरू झाली. मी ग्रंथालयात काम करते. पुस्तक ज्याच्या नावावर असेल त्यालाच विचारायचं, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात होता.

संध्याकाळी नवरा शाळेतून आला. तो भूमिती शिकवतो. दारातच त्याने टोपी काढली, नेहमीसारखा न्हाणीघरात गेला, कडी लावली आणि ओल्या केसांनी बाहेर आला.

"पुरावा नाही," सगळं ऐकून तो म्हणाला. "पण जोखीम तरी कशाला घ्यायची?"

"तोंड नीट धू आधी. कपाळावर खडूची काळी धूळ बसलीये."

"खडू पांढरा असतो गं," तो म्हणाला आणि पाठ फिरवली.

मी मावशींना सांगितलं, सोमवारपर्यंत येऊ नका. त्यांनी वाद घातला नाही. पिशवी बंद केली, चप्पल पायात सरकवली.

"समोरच्या इमारतीतली जुळी मला सांभाळायला मिळणार होती," त्या म्हणाल्या. "आता त्यांची आई तुम्हाला विचारायला येईल, तेव्हा जे वाटतं ते सांगा. पण विचार करून सांगा, ताई. माझ्यावर एकदा असं बोट दाखवलं गेलं, की कुणी बाळ हातात देणार नाही." जिना उतरता उतरता पुन्हा वळल्या. "दुपारी पंखा दोनवर ठेवा. तीनवर ती दचकते."

त्या पंख्याच्या वाक्यावर मी दारातच थांबले. चोर असं सांगून जात नाही. पण मी कोण हे ठरवणार?

आमच्या खाली टोपवाल्या काकू राहतात. नाटकांसाठी आणि आजारपणात केस गेलेल्यांसाठी त्या केसांचे टोप बनवतात. चाळीस वर्षं जाळीच्या एकेका भोकात एकेक केस आकड्याने ओवत आल्या आहेत. केसाला बोलतं करायचं तर यांनीच, असं माझ्या मनाने घेतलं. शुक्रवारी सकाळी एका हातात गोटी आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मी खाली गेले. पिशवीत माझे दोन महिन्यांचे गळलेले केस होते. मी ते जमवत होते. का, ते विचारू नका. काळजी करणारा माणूस काहीही जमवतो.

"माझं अंगावरचं दूध पिते," मी एका दमात सांगितलं. "केस गळतात म्हणून मी गोळ्या घेते. माझे जातायत आणि तिला येतायत. माझ्यातलंच काही तिच्यात गेलं असेल का हो?"

खोलीभर लाकडी डोकी मांडलेली, काही टकली, काही अर्धी भरलेली. काकूंनी पांढऱ्या कापडावर माझे केस पसरले आणि दिवा खाली ओढला.

"हे टोक बघ. पांढरी बारीक गाठ आहे ना? म्हणजे केस तुटलेला नाही, त्याची वेळ झाली म्हणून सुटलाय. गरोदरपणात जे गळायचे थांबले होते, ते आता एकदम निघालेत. मूळ जाग्यावर आहे. मी शंभर बायकांचे पाहिलेत असे. सहसा वर्षभरात येतात परत. नाही आले तर डॉक्टरकडे जा, माझ्याकडे नको."

"मी आठवड्यातून एकदाच धुते. धुतलं की जास्त जातात."

"सहा दिवस सुटून डोक्यातच अडकलेले सातव्या दिवशी एकदम खाली येतात, म्हणून तसं वाटतं. खुशाल धू."

"आई म्हणतात, बाळ ओळखायला लागलं की आईचे केस गळतात."

काकू हसल्या. "बाळ चार महिन्यांचं झालं की ओळखायला लागतं. केसही तेव्हाच गळायला लागतात. दोन गोष्टी एकाच वेळी आल्या म्हणजे एकीने दुसरीला आणलं, असं नसतं मुली." मग त्यांनी गोटीकडे हात केले. "आण तिला इकडे."

त्यांनी तिचा गाल दिव्याखाली धरला आणि त्यांचं हसू गेलं.

"हे आतून आलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हे कुणीतरी लावलंय. रोज लावतंय."

तीन

"दूध किंवा गोळी पोटातून गेली, तर ती उजवं-डावं बघत बसेल का?" काकूंनी विचारलं. "एकच गाल, एकच हात. कडा बघ कशी आहे, ठसा उठल्यासारखी. ग्रंथीचं काय ते डॉक्टर बघतील, मी त्यातली नाही. पण मला विचारशील तर बाहेरचं काहीतरी इथे टेकतंय."

"म्हणजे मावशीच," मी म्हणाले आणि पिशवीतल्या बाटलीचं सगळं सांगितलं.

"एकाच वेळी आलेल्या दोन गोष्टींचं मी आत्ताच काय म्हणाले?"

मी गोटीची टोपी सारखी केली.

"दुपारी वर येते. मावशींना बोलावून घे. हो, त्यांनाच. आणि त्यांना बसायला खुर्ची दे."

दुपारी तीनला आमच्या बैठकीच्या खोलीत आम्ही चौघी आणि गोटी. मावशी खुर्चीच्या टोकावर. सासूबाई सोफ्यावर, हातात विणकाम, पण सुया हलत नव्हत्या. काकूंनी मावशींकडून ती हिरवी बाटली मागून घेतली, मधोमध ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "छान वास आहे. घरी केलेलं नाही, विकतचं आहे. महाग असेल."

त्यांनी बाटली फिरवून खरवडलेली बाजू समोर आणली.

"लेबल खरवडलंय. बाटली आपली असेल तर माणूस असं करत नाही. दिलेली असेल तर देणारा करतो."

सासूबाईंच्या हातातली सुई खाली पडली.

"मीच दिलं," त्या म्हणाल्या. "सात महिने झाले, पोरीच्या डोक्यावर कुसळ नाही. मी काही सुचवलं की ही म्हणते, आई, डॉक्टरांना विचारू. टोपीने टक्कल पडतं म्हणून मी टोपी काढते, ही पुन्हा घालते. एकदा गोटा केला की दाट येतात म्हटलं, तर ही दोन दिवस बोलली नाही. शेवटी मी तेल आणलं आणि यांना म्हटलं, रोज दुपारी चोळा, सुनेला कळू देऊ नका."

"मग? चोळलंत?" काकूंनी मावशींना विचारलं.

मावशी लाल झाल्या. "आजींना नाही म्हणवेना. आणि आईला न विचारता बाळाला लावणं बरोबर नव्हतं. फेकून द्यायचं तर जिवावर आलं. म्हणून," त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, "मीच लावलं. दोन महिने."

"मी समजत होते गोटीला लावताय," सासूबाई म्हणाल्या. "मला तर वाटायलाही लागलं होतं की थोडे आलेत."

"काही फरक?" काकूंनी मावशींना विचारलं.

"उशीचे अभ्रे खराब झाले."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. मावशींनी माझ्याशी केलेला खरेपणा मी चोरी समजून बसले होते.

"बाटली सुटली," काकू म्हणाल्या. "मावशींनी तेल स्वतःच्या डोक्याला लावलं, आणि त्या डोक्यावर नवा केस नाही. हे तेल कुणालाच केस देत नाही, तर गालावर लव कुठून आणणार? मग गालाला लागतंय काय? आता एक करा. गोटीला तुम्ही रोज जसं घेता, तसं एकेकीने घ्या."

सासूबाईंनी तिला मांडीवर आडवं घेतलं. डोकं उजव्या कोपरात, म्हणजे गोटीचा डावा गाल त्यांच्या अंगाला. मावशींनी कडेवर घेतलं, पाठ स्वतःकडे आणि तोंड बाहेर, कारण तिला रस्ता बघायचा असतो; गाल कुठेच टेकत नव्हता. मी खांद्यावर घेतलं आणि दोन मिनिटांत खांदा बदलला.

"तू नेहमी असं करतेस?"

"मान अवघडेल तिची, म्हणून."

"म्हणजे तुझ्याकडून काही लागलं असतं तर दोन्ही गालांना लागलं असतं. काळजीने तरी तुला सोडवलं." काकूंनी बाटलीकडे पाहिलं, मग दाराकडे. "या घरात आणखी कोण घेतं हिला?"

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. गोटीने ती ओळखली आणि दोन्ही हात वर केले.

चार

नवरा आत आला, टोपी खुंटीला लावली आणि खोलीतली सभा बघून थबकला.

"काय झालं? रिपोर्ट आले?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "पोर किती वाट बघतेय तुमची. घ्या की."

"तोंड धुऊन येतो आधी."

"आधी घ्या. मग धुवा."

तो घुटमळला. मग त्याने गोटीला उचललं आणि रोजच्यासारखं मानेवर बसवलं, दोन पाय दोन खांद्यांवर. पाच महिन्यांची झाली, मान पक्की धरायला लागली, तेव्हापासून हा त्यांचा खेळ. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, अर्धा-अर्धा तास खिडकीत. मी त्याचे कित्येक फोटो काढलेत, मागून, कारण समोरून दोघंही हलतात.

गोटीने डाव्या मुठीत त्याचा कान पकडला. उजवा हात त्याच्या टाळूवर आडवा टाकला. आणि वाकून त्या टाळूवर, जिथे केस विरळ होऊन गोल पडला आहे तिथे, उजवा गाल टेकवला.

काकूंनी आधी तिचा गाल पाहिला, मग त्याचं कपाळ.

"मुली, यांचा टॉवेल आण," काकू मला म्हणाल्या.

मी न्हाणीघरातून टॉवेल आणला. हातात घेताच कळलं. कोरडा होता, घडीच्या रेघांसकट. सकाळी हा ओल्या केसांनी बाहेर आला होता. काल संध्याकाळीही. रोजच.

"कपाळाची रेघ बघणं माझा धंदा आहे," काकू नवऱ्याला म्हणाल्या, आवाज अगदी मऊ. "टोप खरा दिसतो की खोटा, ते तिथे ठरतं. तुमच्या भुवयांच्या वर बारीक काळी लव आलीये, साहेब. ओघळ जिथून येतो तिथे. तुमच्या लेकीच्या गालावर आहे तशीच."

खडूची धूळ. मी त्याला तोंड धुवायला सांगत होते.

त्याने गोटीला हळूच खाली उतरवलं, मावशींच्या हातात दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा गोटीऐवजी त्याची काळजी वाटली.

"केस उगवायचं औषध आहे," तो म्हणाला. "डोक्याला लावायचं. दोन महिने झाले. गीझरच्या मागे ठेवतो."

पाच

ते कसं झालं, ते त्याने थांबत थांबत सांगितलं. वर्गात मुलांनी फळ्यावर एक वर्तुळ काढून खाली लिहिलं होतं, "सर, वरून." तो हसला होता. घरी आल्यावर मी ऐकून हसले होते. सासूबाईंनी नेहमीचं म्हटलं होतं की टक्कल आईकडून येतं, माझ्याच वडिलांचं आलंय याला, माझंच चुकलं. आणि त्या खरोखरच डोळे पुसत आत गेल्या होत्या. म्हणून त्याला कुणालाच कळू द्यायचं नव्हतं.

"लावायला लागलो आणि तीन आठवड्यांत आणखी गळायला लागले. वाटलं, कमी पडतंय. दोनदाचं चारदा केलं. सकाळी लावायचो, गोटी हात वर करायची. वाळेपर्यंत कोण थांबतं? बाटलीबरोबरचा कागद मी घडीतून काढलाच नव्हता." त्याने दोन्ही हात पुढे धरले. "माझ्या हाताने तिला रोज..."

"हाताने नाही, टाळूने," सासूबाई म्हणाल्या. त्या रडतही होत्या. "अरे, मला सांगायचंस. मी तेल दिलं असतं."

मावशी आधी हसल्या. मग आम्ही सगळेच.

आम्ही सोमवारची वाट पाहिली नाही. तासाभरात बाटली आणि कागद घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर होतो. त्यांनी कागद वाचला, गाल पाहिला, कपाळ पाहिलं.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "हे त्वचेतून जातं, आणि बोटं तोंडात घालते म्हणजे पोटातूनही थोडं गेलं असणार. नाडीचं कारणही बहुधा हेच. आता संपर्क बंद. रिपोर्ट येऊ देत, पण मला बरं वाटतंय."

औषधाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण दोष औषधाचा नव्हता. नवरा नंतर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा कळलं की सुरुवातीला काहींचे केस आणखी गळतात, आणि जास्त लावल्याने जास्त उगवत नाही. आणि टक्कल एकट्या आईकडून येत नाही, दोन्ही घरांकडून येऊ शकतं. हे त्याने घरी येऊन सगळ्यात आधी आपल्या आईला सांगितलं. सासूबाईंनी सासऱ्यांच्या जुन्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा. आणि मी एकटीच ऐकून घेत होते इतकी वर्षं."

सोमवारी रिपोर्ट आले. सगळे स्वच्छ. नाडी आठवड्यात खाली आली. माझा जीव भांड्यात पडला, पण एक काम राहिलं होतं.

जुळ्यांची आई विचारायला येण्याची मी वाट पाहिली नाही. मावशींना बरोबर घेऊन मीच समोरच्या इमारतीत गेले. दारात उभी राहून सांगितलं की मी या बाईंवर खोटा संशय घेतला, आणि सासूचा हुकूम असताना यांनी माझ्या लेकीच्या डोक्याला परकं तेल लावलं नाही. तुम्हाला याहून चांगलं माणूस मिळणार नाही. सकाळी त्या तुमच्या, दुपारी आमच्या, चालेल का?

परत येताना मावशी जिन्यात थांबल्या. "एवढं सगळं सांगायची गरज नव्हती, ताई."

"होती."

"पंखा दोनवर ठेवला होता ना?"

"दोनवरच."

काकूंना काय द्यावं ते मला सुचेना. त्यांनी काही घेतलंही नाही. माझी केसांची पिशवी तेवढी परत केली. "गळलेल्यांचा टोप होत नाही, मुळं-टोकं उलटसुलट झालेली असतात," म्हणाल्या. "टाकून दे आणि पुन्हा जमवू नकोस." मी टाकली. त्या दिवसापासून गोटीला रोज पाच मिनिटं खाली नेते. काकू तिला एका टकल्या लाकडी डोक्यावर थापा मारू देतात.

नवऱ्याने औषध सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, लहान मूल घरात आहे तोवर घाई कशाला. आता तो साध्या पाण्याने डोकं धुतो, टॉवेलने खसाखसा पुसतो आणि गोटीला मानेवर घेतो. ती त्याच जागी, तोच गाल टेकवते. टोपी खुंटीलाच असते. वर्गात त्याने म्हणे स्वतःच्या डोक्याचा व्यास मोजायला लावला.

गोटी दहा महिन्यांची झाली त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी तिची उशी झटकायला घेतली आणि थांबले. पांढऱ्या अभ्र्यावर, उजव्या बाजूला, नखाएवढे बारीक काळे केस पडले होते. मी तिला उन्हात नेलं. गाल जवळजवळ मोकळा झाला होता. बोट फिरवलं, तर आणखी दोन माझ्या बोटाला चिकटून आले.

"गळले," मी ओरडले. "अहो आई, मावशी, गळायला लागले."

सासूबाई विणकाम टाकून धावल्या. मावशी ओल्या हातांनीच आल्या. नवरा अर्धी दाढी साबणात घेऊन. सगळे त्या उशीभोवती वाकून उभे, आणि खालच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "किती गं?"

"बरेच आहेत, काकू," मी सांगितलं आणि हाताच्या पाठीने डोळे पुसले. केस गळालेले बघून आनंदाने रडणारी या घरातली मी पहिलीच.